हॅरिएटबाईंची रद्दी

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाचं सगळं शिल्पा बघते. ऑगस्टमध्येच तिचा फोन आला. "वंदनाताई, या वर्षी सगळ्या रिटायर्ड लोकांकडून त्यांच्या जॉबवर लिहून घेतेय. तुम्ही पण द्या ना काहीतरी."

"आणखी कोण कोण देतंय?"

"कुलकर्णीकाका गाड्यांच्या ब्रेकवर, डॉक्टर मेश्रामकाका हार्टवर, आणि तिकडे ॲरिझोनातल्या चँडलरहून एक जण चिप्सवर. खायच्या नाही हो, कॉम्प्युटरच्या."

"मग मी काय, रद्दीवर लिहू?"

"चालेल की! रद्दी तर रद्दी."

घ्या. आता भोगा तुम्ही.

मिशिगनमधल्या ट्रॉयला आमचं घर, तिथून पाऊण तासावर एक काउंटी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं अजून हयात आहेत. तिथल्या पुरातत्त्व मंडळाच्या ग्रंथालयात मी सव्वीस वर्षं काढली. पुरातत्त्व म्हटलं की आपल्या लोकांना भलतंच काहीतरी वाटतं. पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक काकू मला दर वेळी विचारायच्या, "काय गं, सापडला का डायनासोर?" अहो काकू, डायनासोरवाले वेगळे. आमचं मंडळ शेतकरी, शाळामास्तर, गावचे डॉक्टर अशा हौशी लोकांनी काढलेलं. इथे शेत नांगरताना मूळ रहिवाशांच्या बाणांची दगडी टोकं निघायची, जुन्या वस्तीची फुटकी भांडी निघायची. ती जपायची, कुठे सापडली ते लिहून ठेवायचं, सुट्टीच्या दिवशी थोडं खणायचं. त्याच्याबरोबर जुने नकाशे, वह्या, पत्रं येत गेली आणि दोन खोल्या नि एक तळघर भरलं. तेच ग्रंथालय. पगारी माणूस एकच, तो म्हणजे मी.

कागदांची सवय मला माहेरची. माझे बाबा नागपूरला कोर्टात दफ्तरी होते. जुन्या खटल्यांचे कागद लाल फडक्यात बांधून रॅकवर चढवायचे आणि मागितले की काढून द्यायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. बांधलेलं उगाच सोडू नये, ही त्यांची शिकवण मी अमेरिकेत घेऊन आले. ती माझ्या अंगाशी कशी आली तेच मला सांगायचंय.

तसे नमुने खूप भेटले. गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक गृहस्थ दर मंगळवारी बागेतला एक दगड घेऊन यायचे. "हे बाणाचं टोक आहे का?" नाही हो, दगड आहे. पुढच्या मंगळवारी दुसरा दगड. सात वर्षं! आणि एका मंगळवारी खरंच बाणाचं टोक निघालं, सुरेख, कडेला बारीक दातांचं. मी आनंदाने ओरडले तर गृहस्थांचा विश्वासच बसेना. "नीट बघा, साधा दगड असेल," म्हणाले आणि परत घेऊन गेले. आमचे हे म्हणायचे, "विदर्भाची पोरगी मिशिगनला येऊन लोकांचे दगड तपासते, बाप्पा!" हसायचो आम्ही.

पण मनात घर करून बसली ती डॉरथी कीलर. आणि तिच्याशी मी जे वागले, त्याची आजही लाज वाटते.

डॉरथीच्या आधी हॅरिएटबाई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्या ग्रंथालयाचा कारभार या बाई बघत. मी त्यांना पाहिलेलं नाही, त्या केव्हाच गेल्या. पण सव्वीस वर्षं रोज त्यांचं अक्षर वाचलं, म्हणून मला त्या सासरच्या एखाद्या करड्या आत्याबाईंसारख्या वाटतात. युद्ध सुरू झालं, मंडळातले पुरुष सैन्यात गेले, पेट्रोल रेशनवर, टायर मिळेनात, खणायला जाणार कोण आणि कसं? मंडळ बंद ठेवावं असं बाकीच्यांचं मत पडलं. मीटिंगच्या वहीत हॅरिएटबाईंचं एकच वाक्य लिहिलंय: जमीन खणता येत नसेल तर आपण रद्दी खणू.

त्या वेळी युद्धासाठी कागद गोळा करायची मोहीम होती. तोफगोळ्यांचे, औषधांचे खोके बनवायला पुठ्ठा लागायचा. शाळेतली पोरं घरोघरी आपल्या खेळण्यातल्या गाड्या ओढत जायची आणि रद्दी मागून आणायची. शनिवारी ती चर्चच्या हॉलमध्ये जमा व्हायची, दुपारी ट्रक येऊन गिरणीत न्यायचा, तिथे लगदा. लोक देशासाठी म्हणून माळे रिकामे करत होते आणि त्यात आजोबांच्या डायऱ्या, शाळांची हजेरीपुस्तकं, शेतांचे हातांनी काढलेले नकाशे सगळंच चाललं होतं. मग हॅरिएटबाई आणि मंडळातल्या पाच-सहा बायका शनिवारी सकाळी हॉलमध्ये टेबल टाकून उभ्या राहायच्या. छापील असेल ते जाऊ द्यायचं. हाताने लिहिलेलं दिसलं की बाजूला ओढायचं. एका सुईणीची वही अशीच वाचली. गावातली निम्मी जन्मनोंद त्या वहीत आहे.

वाचवलेल्या प्रत्येक वस्तूची एक चिठ्ठी केली जायची. काय सापडलं आणि कोणी उचललं, एवढंच लिहायचं. कुणाच्या घरातून आलं ते मात्र मुळीच नाही! कारण लोकांनी ते युद्धासाठी दिलेलं. मंडळाच्या बायका त्यातून कागद काढून घेतात असं गावात फुटलं असतं तर देशद्रोही ठरवून दगड मारले असते. म्हणून मूळ मालकाचं नाव नाही, उचलणारीचं नाव. हॅरिएटबाईंचा हा नियम मला पाठ होता. मी त्यावर भाषणंसुद्धा ठोकलीत.

आणि तरी मी काय केलं? नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ते सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. कॉम्प्युटर विचारायचा, देणगीदार कोण? रकाना रिकामा ठेवला तर पुढे जाऊ देत नसे. मग चिठ्ठीवर जे नाव होतं ते मी तिथे घातलं. हॅरिएट, हॅरिएट, हॅरिएट. वस्तू काढून बघितल्या नाहीत, गठ्ठे सोडले नाहीत, नुसत्या चिठ्ठ्या टाइप केल्या. बांधलेलं उगाच सोडू नये ना! वार्षिक सभेत टाळ्या पडल्या. मी घरी येऊन श्रीखंड केलं होतं, तेही आठवतं.

आता डॉरथी. मी गावातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात या रद्दीच्या टेबलावर बोलले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नव्वदीला टेकलेल्या एक बाई वॉकर ढकलत ग्रंथालयात आल्या. नीट कोट, लिपस्टिक, शाळेच्या बाईंचा आवाज. खरोखरच शाळेत शिकवलेलं होतं त्यांनी. लग्न केलं नव्हतं, आई जाईपर्यंत आईबरोबर राहिल्या.

"तुम्ही काल म्हणालात, त्या बायका हाताने लिहिलेलं बाजूला काढायच्या. मला आयुष्यभर हे माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. आणि मग उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांचा मोठा भाऊ वॉल्टर युद्धात गेला तो परत आला नाही. त्याची पत्रं आई स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवायची, चुरगळू नयेत म्हणून वर्तमानपत्रांच्या मधे, सपाट. त्याच्या बुटाच्या लेसने बांधून. डॉरथी तेव्हा नऊ वर्षांची. शाळेत चढाओढ होती, जास्त रद्दी आणेल त्याला बिल्ला. तिने कपाटातली वर्तमानपत्रांची थप्पी उचलली, गाडीत घातली आणि ओढत नेली. त्यात वॉल्टरही गेला.

"संध्याकाळी आईने कपाट उघडलं. बराच वेळ तशीच उभी होती. मी दारातून बघत होते. तिने मला काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे कधीच नाही," डॉरथी म्हणाल्या. "माझ्याकडे फार दिवस नाहीत, हनी. मला फक्त एवढंच कळायला हवंय की ती पत्रं वाचली का."

मी कॉम्प्युटरवर कीलर टाइप केलं. काही नाही. वॉल्टर टाइप केलं. काही नाही. तीन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

"सॉरी, नाहीयेत हो," मी म्हणाले. आणि वर शहाणपणा काय केला, तर त्यांना धीर द्यायला म्हणून सांगितलं की त्या कागदाचा खोका होऊन औषधं गेली असतील, कुणाचा तरी मुलगा त्यामुळे वाचला असेल. त्यांनी मान हलवली. थँक्यू म्हणाल्या, वहीत आपलं नाव आणि फोन नंबर लिहिला आणि वॉकर ढकलत गेल्या. मी डबा उघडून जेवायला बसले.

चार वर्षं गेली. माझी रिटायरमेंट आली. माझ्या जागी बेन आला. पंचेचाळिशीचा, दाढीवाला, अतिशय सावकाश. त्याला चार्ज द्यायचा तर यादी आणि शेल्फ ताडून बघणं आलं. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "वंदना, ही हॅरिएट कोण होती? हिच्याच घरात सुईणीची वही, हिच्याच घरात चार शाळांची हजेरी, सात शेतांचे नकाशे?"

"अरे, ते तिचं नाही. ती फक्त..." आणि माझी जीभ तिथेच अडकली.

तुम्हाला सांगते, हॅरिएटच्या नावाखाली जे जे होतं ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं, हे मला ठाऊक होतं. भाषणात सांगत होते! आणि शोधताना मात्र कीलर, कीलर करत बसले. कीलर हे नाव तिथे सापडणारच नव्हतं. ते मीच लिहिलेलं नव्हतं.

तळघरात हॅरिएटबाईंचे एकोणीस खोके. आम्ही दोघं खाली बसलो आणि एकेक उघडत गेलो. अकराव्या खोक्यात, तळाशी, बुटाच्या मळक्या लेसने बांधलेला गठ्ठा. चिठ्ठीवर लिहिलेलं: पत्रांचा एक गठ्ठा, उचलला हॅरिएट, बंद ठेवणे. वरच्या पाकिटावर पत्ता: मिसेस मार्गारेट कीलर.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. बेन बिचारा गोंधळला, मला पेपर टॉवेल आणून दिला.

लेसखाली एक दुमडलेला कागद होता, हॅरिएटबाईंच्या अक्षरातला. जसाच्या तसा आठवतो. "हयात माणसांची पत्रं आपण ठेवत नाही, म्हणून आज संध्याकाळीच ही घेऊन मिसेस कीलरच्या दारी गेले. त्यांनी हातात घेतली आणि मला परत दिली. घरात ठेवली तर छोटीला कळेल की तिने काय नेलं होतं, म्हणाल्या. तिला कळता कामा नये. इथेच ठेवा. त्या दर गुरुवारी येऊन वाचतील."

मग मला वाचकांची वही आठवली. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण तारीख घालतो, नाव लिहितो, काय पाहिलं ते लिहितो. जुन्या वह्या वरच्या कपाटात होत्या. काढल्या. मार्गारेट कीलर, खासगी. मार्गारेट कीलर, खासगी. युद्ध संपलं तरी येत होती. वहीमागून वही. शेवटी शेवटी अक्षर कापायला लागलेलं.

आता डॉरथीला शोधायचं. चार वर्षांपूर्वीचा नंबर लावला, बंद. आमच्या धंद्यात माणूस शोधायचा तर पहिल्यांदा मृत्युवार्ता बघतात. मी आयुष्यात शेकडो मृत्युवार्ता शोधल्यात, त्या दिवशी बोटं चालेनात. "तू बघ," मी बेनला म्हटलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. नसू दे, नसू दे. मृत्युवार्ता नव्हती. मग तिच्या जुन्या शाळेत फोन, तिथून चर्चमध्ये फोन, आणि पत्ता मिळाला तो कुठला? ट्रॉयचा! मी दर शनिवारी ज्या इंडियन ग्रोसरीतून कोथिंबीर आणते, तिच्या मागच्या रस्त्यावरचं वृद्धांचं घर. तीन वर्षं बाई माझ्यापासून दहा मिनिटांवर राहत होत्या.

रात्री जेवताना मुलीला फोनवर विचारलं, "अगं, काय तोंडाने सांगू मी त्यांना?"

"आई, जस्ट टेल हर यू मेस्ड अप," ती म्हणाली. "बाकी काही एक्स्प्लेन करू नको."

सकाळी बेन अडून बसला. मूळ कागद इमारतीबाहेर न्यायचा नाही हा नियम, आणि तो मीच त्याला आठवड्यापूर्वी शिकवलेला. "स्कॅन करून नेऊ या," तो म्हणाला.

"हे बघ, पत्रं आपली नाहीतच. ती ठेवायला दिलेली आहेत. ज्याची ठेव त्याला द्यायची, त्याला कसला नियम?"

"आणि वही? वाचकांची वही तर आपली आहे."

शेवटी त्यातली पहिली वही त्याच्या मांडीवर आणि तो माझ्या गाडीत, अशी तडजोड झाली. पाऊण तास तो ती वही दोन्ही हातांनी धरून बसला होता.

डॉरथी खिडकीशी खुर्चीत होत्या. कोट नव्हता, लिपस्टिक होती. त्यांना आता समोरचं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं, म्हणून त्या मान वळवून माझ्याकडे बघत होत्या. मी खुर्ची ओढली आणि मुलीने सांगितलं तसंच केलं. म्हटलं, "चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला नाही म्हणाले होते. माझी चूक झाली. मी नीट शोधलं नव्हतं."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "फार लवकर 'नाही' म्हणालीस तू. मी इतकी वर्षं शिकवलंय. पुस्तक न उघडता उत्तर देणारी मुलं मला ओळखू येतात."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "मग तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला 'नाही' हे उत्तर ऐकायची सवय होती."

मी गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी कडांवरून बोटं फिरवली, पाकिटं मोजल्यासारखी चाचपली, मग लेस सापडली. लेसचं टोक त्यांनी कितीतरी वेळ अंगठ्याखाली धरून ठेवलं. मी हॅरिएटबाईंचा कागद काढला आणि वाचून दाखवला. छोटीला कळता कामा नये, तेही वाचलं, अगदी शेवटपर्यंत.

"गुरुवारी?" डॉरथीने विचारलं. "गुरुवारी आई चर्चमध्ये जायची. सैनिकांसाठी बँडेज गुंडाळायला."

"युद्ध संपल्यावरही ती येत होती, आमच्या वाचकांच्या वहीत नोंद आहे," बेन हळूच म्हणाला.

"संपल्यावर गरिबांसाठी रजया शिवायला जायची." आणि त्या एकदम हसल्या. "एवढी वर्षं रजया! एक रजई कधी डोळ्यांना दिसली नाही. मी म्हणायचे, आईला गुरुवार मानवतो. परत यायची तेव्हा चेहरा कसा उजळलेला असायचा."

मग हसता हसता थांबल्या.

"ती बाई त्याच दिवशी आली होती? शनिवारीच?"

"हो. त्याच संध्याकाळी."

"बिल्ला मला सोमवारी मिळाला," डॉरथी म्हणाल्या. "मला तो लावायचा नव्हता. मी दप्तरात लपवला होता. आईने शोधून काढला आणि माझ्या कोटाला लावला. मग रोज सकाळी शाळेत जाताना तीच लावून द्यायची. पूर्ण हिवाळा." "मला वाटायचं, हिला कळलं तर ही माझ्याकडे कधी बघणार नाही. आणि तिला माहीत होतं. ती माझ्यासमोर वाकून टाचणी लावायची तेव्हा तिला सगळं माहीत होतं."

नव्वदीची बाई नऊ वर्षांच्या मुलीसारखी रडली. मी हात धरला. बेन खिडकीबाहेर बघत बसला.

बऱ्याच वेळाने मी लेसला हात लावला. "सोडू का? वॉल्टरचं पहिलं पत्र वाचते."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आज नको. त्याचं उद्या. ती वही आणलीय ना? आधी वही वाच."

"वहीत वाचण्यासारखं काही नाहीये हो. नुसतं तारीख आणि नाव."

"तेच वाच."

बेनने वही माझ्यापुढे उघडली. मी तारीख वाचली. गुरुवार. मार्गारेट कीलर. पुढची तारीख वाचली. गुरुवार. मार्गारेट कीलर. डॉरथीने डोळे मिटले. पान संपलं की बेन उलटायचा. मी थांबले की त्या बोटानेच पुढे म्हणायच्या. जेवणाची घंटा झाली, नर्स डोकावून गेली, मी वाचत राहिले. गुरुवार. मार्गारेट कीलर. गुरुवार. मार्गारेट कीलर.